मणिबंधभग्नातील शस्त्रकर्म आणि रुग्णाचे वय : एक चिकित्सकीय विचार

प्रास्ताविक

तोल जाऊन पडणारा मनुष्य नकळत हात पुढे टेकवितो आणि सर्व देहाचा भार क्षणार्धात तळहाताच्या मुळाशी येतो. यामुळेच मणिबंधाचा भग्न हा सर्व वयांत आढळणारा विकार आहे. लहान मूल झाडावरून वा सायकलवरून पडते, तरुण मोटारसायकलवरून पडतो आणि साठीची स्त्री अंगणातील ओल्या फरशीवर पाय घसरून पडते. आघाताचे स्थान एकच. परंतु त्यानंतरचा प्रवास तिघांचाही निराळा असतो.

मंद्रूप व दक्षिण सोलापूर तालुक्यातील आसपासच्या गावांत व्यवसाय करताना आमचा अनुभव असा की, असे रुग्ण प्रथम सोलापुरास जातात, तेथे प्लास्टर अथवा शस्त्रकर्म होते आणि आठ-दहा दिवसांनी गावी परतल्यावर ते आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "हात पहिल्यासारखा कधी होईल?" या प्रश्नामागे केवळ कुतूहल नसते. ऊसतोडीचा कोयता, विड्या वळणारी बोटे, यंत्रमागावरचा धागा आणि चुलीपुढे थापली जाणारी जोंधळ्याची भाकरी ही सर्व कामे मणिबंधाच्या बळावर चालतात. हात थांबला की घर थांबते. वैद्याने दिलेल्या उत्तरावर कामावर परतण्याचे, कर्ज काढण्याचे, कित्येकदा शस्त्रकर्म करावे की नाही याचेही निर्णय अवलंबून असतात. म्हणून हे उत्तर अंदाजाने देता कामा नये.

भग्न बसविणे आणि शस्त्रकर्म करणे हे अस्थिशल्यतज्ज्ञांचे क्षेत्र होय. त्यापूर्वीचा सल्ला आणि त्यानंतरचे काही महिने मात्र बहुतांशी आपल्या हाती असतात. या काळात रुग्णाच्या वयाचा विचार कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मणिबंधाचे वैशिष्ट्य

मणिबंधाची गणना आचार्य सुश्रुतांनी संधिमर्मांत केली असून परिणामदृष्ट्या ते रुजाकर मर्म मानले आहे. त्याचे प्रमाण दोन अंगुळे सांगितले असून आघातानंतर कुंठता येते असे म्हटले आहे. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. सुश्रुतांनी या मर्माच्या आघातात प्राणहानीपेक्षा वेदना आणि क्रियाहानी यांवर भर दिला. आजही मणिबंधभग्नाचे रुग्ण दगावत नाहीत. ते दुखऱ्या आणि ताठर हाताने जगतात. म्हणजे चिकित्सेचे यश एक्स-रेवर मोजावयाचे नसून मूठ वळते का, तळहात वर-खाली फिरतो का, भरलेला तांब्या उचलता येतो का, यावर मोजावयाचे आहे.

येथील भग्न मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. पहिला, बहिःप्रकोष्ठास्थीच्या, म्हणजे अंगठ्याकडील लांब अस्थीच्या, खालच्या टोकाचा. याचे वर्णन डब्लिन येथील शल्यतज्ज्ञ अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ८१ वर्षे, केवळ दर्शन-स्पर्शनाने केलेले ते निदान होते. दुसरा भग्न मणिबंधातील नौकाकृती लहान अस्थीचा. हा प्रायः तरुण पुरुषांत आढळतो आणि फसवा असतो. पहिल्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही. या अस्थीस रक्तपुरवठा मुख्यतः दूरच्या टोकाकडून होत असल्याने तिचा जवळचा तुकडा रक्ताविना राहून संधान न होण्याचा धोका असतो. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे निर्दोष असला तरीही 'मुका मार' म्हणून लेप लावून रुग्णास परत पाठवू नये. पुन्हा तपासणीसाठी त्यास अस्थिशल्यतज्ज्ञांकडेच पाठवावे.

शास्त्रातील वयविचार

चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या तिसऱ्या अध्यायात सुश्रुतांनी संधान स्थिर होण्याचा काळ वयानुसार दिला आहे. प्रथम वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट. एक, दोन आणि तीन महिन्यांचे हे प्रमाण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. परंतु त्याचा उपयोग करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे वयाची सीमा. सुश्रुतमते बाल्य सोळा वर्षांपर्यंत, मध्य वय सत्तर वर्षांपर्यंत आणि त्यापुढे वार्धक्य. चरकमते बाल्य तीस वर्षांपर्यंत आणि मध्य वय साठ वर्षांपर्यंत. याचा अर्थ ६५ वर्षांची रुग्णा एका मते मध्यम वयाची, तर दुसऱ्या मते वृद्ध ठरते. सुश्रुतांनी मध्य वयाचेही पोटभाग केले असून चाळीस वर्षांपर्यंत सर्व धातूंची संपूर्णता व त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित परिहानी सांगितली आहे. व्यवहारात ही चाळिशीची रेषा आम्हांस अधिक उपयुक्त वाटते. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत अस्थिक्षय वेगाने होतो, हे आधुनिक शास्त्रानेही मान्य केले आहे. त्यामुळे आधारकार्डावरील वर्षे मोजण्याऐवजी धातूंची अवस्था मोजावी.

दुसरी गोष्ट, सुश्रुतांनी वय एकटे कधीच घेतलेले नाही. अल्प दोष आणि शिशिर काळ यांची जोड त्यांनी सुखसाध्यतेस दिली आहे. याउलट जो थोडे खातो, जो मनाने संयमी नाही, ज्याची प्रकृती वातप्रधान आहे आणि ज्यास उपद्रव जडले आहेत, त्याचा भग्न कष्टाने बरा होतो असे सांगितले आहे. निदानस्थानात कृश, वृद्ध, बाल, क्षतक्षीण, कुष्ठी आणि श्वासी यांचे संधीजवळचे भग्न कृच्छ्रसाध्य मानले आहेत. या यादीत बाल आणि वृद्ध शेजारी बसले आहेत, हे विशेष होय. बालकाचे संधान शीघ्र होते हे खरे. पण संधीजवळचा भग्न बालकातही निर्धोक नसतो. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट, उत्तर वयात वाताचे प्राधान्य असते आणि अस्थी हे वाताचे आश्रयस्थान होय. आश्रयाश्रयी भावाने वात वाढला की अस्थी क्षीण होते. वृद्धांचा भग्न म्हणजे आधीच पोकळ होत चाललेल्या अस्थीवरील आघात होय. साध्या पडण्यानेही तेथे चूर्णित भग्न होतो, तर बालकात त्याच आघाताने अस्थी न तुटता केवळ वाकते, म्हणजे वक्र भग्न होतो.

शस्त्रकर्माने काय बदलते?

आज मणिबंधाच्या शस्त्रकर्मात मुख्यतः दोन पद्धती आहेत. त्वचेतून बारीक तारा घालून तुकडे स्थिर करणे ही पहिली; या तारा साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तळहाताच्या बाजूने छेद घेऊन स्क्रूसह धातूची प्लेट बसविणे ही दुसरी. ही प्लेट बहुधा कायम ठेवली जाते. या शतकाच्या आरंभापासून स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसतील अशा प्लेटचा प्रसार झाला आणि ठिसूळ अस्थीतही त्यांची पकड टिकू लागली.

प्लेट बसविली म्हणजे अस्थी जुळली, असा रुग्णांचा सार्वत्रिक समज असतो. वैद्याने तो प्रथम दूर करावा. प्लेट तुकड्यांना केवळ जागेवर धरून ठेवते; संधान शरीरच करते आणि ते आपल्याच गतीने करते. मात्र स्थिरता पहिल्या दिवसापासून मिळाल्यामुळे हात दीर्घकाळ जखडून ठेवावा लागत नाही, हा तिचा खरा लाभ.

म्हणून शस्त्रकर्मानंतर एकाऐवजी तीन काळ स्वतंत्रपणे मोजावेत असे आमचे मत आहे.

पहिला, अस्थिसंधानाचा काळ. बालकात साधारणतः तीन ते चार आठवडे, प्रौढात सहा आठवड्यांच्या आसपास, वृद्धात सहा ते आठ आठवडे वा किंचित अधिक. या ठिकाणी अस्थी सच्छिद्र असून रक्तपुरवठा विपुल असल्याने वृद्धांतही संधान न होणे विरळाच.

दुसरा, संधीच्या चलनाचा काळ. बालकास त्याची चिंता नसते. ते खेळता खेळता हात मोकळा करते. प्रौढास काही आठवडे नियमित व्यायाम लागतो. वृद्धास काही महिने लागतात आणि दुर्लक्ष झाल्यास बोटे व खांदाही ताठरतात.

तिसरा, बलाचा काळ. मूठ पूर्ववत होण्यास प्रौढासही सहा महिने ते वर्ष लागू शकते. वृद्धात हे अंतर सर्वाधिक दिसते.

यावरून सुश्रुतांच्या प्रमाणाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. तेथे अभिप्रेत आहे तो स्थिर झालेला संधी, केवळ एक्स-रेतील जुळलेली रेघ नव्हे. वृद्धाची रेघ तरुणाच्या मागोमाग जुळते. पण काम करण्याजोगा स्थिर हात मिळण्यास दुप्पट-तिप्पट काळ लागतो. वयाचा परिणाम अस्थीपेक्षा स्नायू, संधी आणि ओज यांवर अधिक होतो.

वय आणि शस्त्रकर्माचा निर्णय

शस्त्रकर्मापूर्वीच रुग्णाचे नातलग आपला सल्ला घेण्यास येतात. अशा वेळी जगभरातील अलीकडच्या अभ्यासांची माहिती वैद्यास असणे इष्ट आहे.

ऑस्ट्रियात ६५ वर्षांवरील ७३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्लेट आणि निम्म्यांना प्लास्टर अशी विभागणी होती. वर्षानंतर प्लेटच्या गटात मुठीची ताकद अधिक आणि एक्स-रे सुबक होता. परंतु हालचाल आणि दैनंदिन कामे यांत अर्थपूर्ण फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात साठ वर्षांवरील रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही वर्षअखेरीस प्लेट व प्लास्टर यांच्या परिणामांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही. ब्रिटनमध्ये ४६१ प्रौढांवर तारा व प्लेट यांची तुलना झाली. २०१४ च्या त्या निष्कर्षानुसार, न कापता बाहेरून बसविता येणाऱ्या भग्नात महागड्या प्लेटचा विशेष लाभ दिसला नाही.

याचा अर्थ वृद्धांवर शस्त्रकर्म करूच नये, असा मुळीच नाही. भग्न उघडा असेल, नाडी दबली असेल, तुकडे बसवूनही टिकत नसतील, किंवा ७० वर्षांची व्यक्ती एकटी राहून स्वतःचे सर्व काम करीत असेल, तर शस्त्रकर्म आवश्यक ठरू शकते. परंतु 'प्लेट घातली नाही तर हात कायमचा गेला' या भीतीपोटी जनावर विकण्याची घाई करणाऱ्या कुटुंबास थोडे थांबून शल्यतज्ज्ञांना विचारावयास सांगणे हे आपले कर्तव्य आहे. काय विचारावे तेही सांगावे : प्लास्टरने भागेल का, तारांनी भागेल का, काही न केल्यास वर्षानंतर हात कसा असेल? वृद्धात हात किंचित वाकडा जुळला तरी बहुधा काम अडत नाही. हात वाकडा दिसेल, हे मात्र रुग्णास आधीच सांगितलेले बरे. ज्यांना शस्त्रकर्म आवश्यक आहे, त्यांना शासकीय योजनेची माहिती द्यावी. २०१२ मध्ये राज्यात ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तीच योजना पुढे महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली.

तरुणांत विचार उलटा करावा लागतो. तिशीच्या रुग्णास त्या संधीवर आणखी चाळीस वर्षे काम करावयाचे असते. संधीच्या पृष्ठभागात राहिलेली लहानशी पायरीही पुढे संधिगतवातास आमंत्रण देते. म्हणून तेथे काटेकोर बसवणुकीचा आग्रह योग्य होय.

बालकांत तिसरा न्याय लागू होतो. वाढत्या अस्थीत वाकडेपणा काही अंशी आपोआप सरळ होण्याचे सामर्थ्य असते. ब्रिटनमध्ये ९६५ बालकांवरील २०२२ च्या अभ्यासात, अस्थीची केवळ एक बाजू दबली असता साधी पट्टी आणि कडक आधार यांचे परिणाम सारखेच आढळले. मात्र बहिःप्रकोष्ठास्थीची तीन-चतुर्थांशाहून अधिक लांबी तिच्या खालच्या टोकाजवळील वाढीच्या चकतीतून होते. त्या चकतीस इजा झाल्यास हात आखूड वा वाकडा वाढू शकतो. सुश्रुतांनी बालकाचा संधीजवळचा भग्न कृच्छ्रसाध्य का म्हटला, ते येथे उमगते. वेदना थांबली म्हणून पालक पुढील तपासण्या टाळतात. वर्षभर अधूनमधून दोन्ही हातांची तुलना करण्याचे काम गावातील वैद्य सहज करू शकतो.

वयोगटानुसार शस्त्रकर्मोत्तर उपचार

बाल वय : औषधापेक्षा आहार व संरक्षण यांना महत्त्व. दूध, तूप, नाचणीचे सत्त्व, तिळाचा लाडू पुरेसे होतात. गुग्गुळ कल्पांची सहसा गरज नसते. ताठरपणासाठी मालिश अथवा बळाने ताण देणे सर्वथा वर्ज्य. प्लास्टर निघाल्यावर महिनाभर झाडावर चढणे आणि सायकल बंद.

मध्यम वय : येथे मुख्य शत्रू म्हणजे घाई आणि तंबाखू. बोटांची हालचाल सुरू झाली की रुग्ण मोटारसायकल चालवू लागतो, मोळी उचलतो. तंबाखूचे कोणतेही रूप, मग ते धूम्रपान असो, मावा असो वा मिश्री, रक्तवाहिन्या आकुंचित करून संधानास विलंब लावते. सुश्रुतांचा 'अनात्मवान्' आमच्या चिकित्सालयात बहुधा याच वयाचा असतो. लाक्षादि गुग्गुळ, अस्थिशृंखला आणि अर्जुनक्षीरपाक यांची योजना या वयात सर्वाधिक फलदायी ठरते, कारण अग्नी ते पचवितो.

उत्तर वय : येथे मुख्य शत्रू म्हणजे भीती. हात गळ्यात अडकवून रुग्ण तासन् तास बसून राहतो, बोटे सुजतात, सुजेमुळे हलत नाहीत आणि न हलल्यामुळे अधिक सुजतात. म्हणून शस्त्रकर्माच्या दुसऱ्या दिवसापासूनच शल्यतज्ज्ञांच्या संमतीने बोटे पूर्ण उघडणे व मिटणे, कोपर वाकविणे, खांदा वर उचलणे हे दिवसातून पाच-सहा वेळा करवून घ्यावे. हात हृदयापेक्षा उंच ठेवावा. आणखी एक गोष्ट आमच्या भागात वारंवार आढळते. सोमवार, चतुर्थी, एकादशी अशा उपवासांनी आणि एरव्हीही अर्ध्या भाकरीवर भागविण्याच्या सवयीने वृद्ध स्त्रिया 'अल्पाशी' झालेल्या असतात. भग्न जुळेपर्यंत उपवास थांबविण्यास त्यांना वैद्यानेच सांगावे. मुलाने वा सुनेने सांगून त्या ऐकत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांस दररोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आवश्यकता असते. केवळ चहातील दुधावर ती भागत नाही. दूध, ताक, नाचणी, तीळ आणि पालेभाज्या यांची जोड हवी. सोबत कोवळे ऊनही हवे.

व्यायामाचा क्रम

तलभग्नानंतर हाताने प्रथम मऊ गोळा धरावा आणि बळ येईल तसतसे दगडापर्यंत जावे, हा सुश्रुतोक्त क्रम आजच्या व्यायामचिकित्सेच्या तत्त्वाशी तंतोतंत जुळतो. आम्ही तो घरगुती रूपात वापरतो. शस्त्रकर्मानंतर टाके निघून जखम भरल्यावर आणि शल्यतज्ज्ञांनी मनगट हलविण्यास अनुमती दिल्यावर जोंधळ्याच्या कोमट पिठाचा मऊ गोळा हातात द्यावा आणि तो हळूहळू दाबावयास सांगावा. पुढे तेच पीठ घट्ट भिजवावे. संधान पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर पाण्याचा अर्धा तांब्या आणि मग भरलेला तांब्या. पीठ मळणे आणि भाकरी थापणे ही कामे मात्र शेवटी, कारण त्यांत मागे वळलेल्या मनगटावर शरीराचा भार येतो. उत्तर वयात तीन महिने होईपर्यंत ही घाई करू नये. रुग्णेस 'व्यायाम करा' म्हटल्यास ती विसरते. 'पीठ दाबा' म्हटल्यास विसरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

औषधी, बंध आणि पथ्य

शस्त्रकर्माची जखम भरेपर्यंत, तसेच तारा त्वचेबाहेर असेपर्यंत त्या भागावर तेल, लेप, स्वेद यांपैकी काहीही करू नये. हा नियम निरपवाद समजावा. जखम भरल्यानंतर कोमट तिळतेलाने अथवा गंधतैलाने बोटांपासून कोपरापर्यंत हलका अभ्यंग करावा. बधिर त्वचेवर स्वेद देताना भाजण्याचा धोका असतो, विशेषतः मधुमेही वृद्धांत.

आभ्यंतर चिकित्सेत लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अस्थिशृंखला चूर्ण दुधातुपासह, कुक्कुटाण्डत्वक् भस्म यांची वय, अग्नी व कोष्ठ पाहून योजना करावी. उत्तर वयात प्रथम अग्नीचा विचार करावा. मंदाग्नीत गुग्गुळ व भस्मे यांचा भडिमार झाल्यास अन्नावरील वासनाच उडते आणि मूळ हेतू नष्ट होतो. संधानानंतर अस्थिक्षयासाठी तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्तीचा शास्त्रोक्त मार्ग उपलब्ध आहेच. भग्नरुग्णास लवण, कटू, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, व्यायामातिरेक, आतप आणि मैथुन सुश्रुतांनी वर्ज्य सांगितले आहेत. त्यांत आमच्या भागापुरती खर्डा आणि वाळलेल्या भाकरीवर दिवस काढण्याची सवय जोडावी.

बंध सोडण्याचा काळ सुश्रुतांनी ऋतूनुसार दिला आहे. थंड ऋतूत सात, समशीतोष्ण काळी पाच आणि उष्ण काळी तीन दिवस. आजचे प्लास्टर आपण सोडू शकत नाही, परंतु तत्त्व घेऊ शकतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. त्या काळात प्लास्टरखाली घाम, खाज व व्रण होतात. रुग्ण विणकामाची सुई आत घालून खाजवितात. अशा दिवसांत वृद्ध व मधुमेही रुग्णांची तपासणी लवकर लवकर करावी.

हातास मार लागताच बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. सौभाग्यचिन्ह म्हणून स्त्रिया त्यास तयार नसतात. अशा वेळी दुसऱ्या हातात बांगड्या वाढवून घालण्याचा पर्याय सुचविल्यास बहुधा त्या ऐकतात. सूज चढल्यावर काढण्यापेक्षा हे सोपे.

त्वरित पाठवावयाचे रुग्ण

पुढील लक्षणे दिसल्यास कोणत्याही वयात औषध न देता रुग्णास तत्काळ शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे : बोटे पांढरी वा निळी पडणे, बधिरता वाढत जाणे, बोटे ताणताच असह्य वेदना, तारेभोवती पू व ज्वर, अंगठा अचानक वाकविता वा सरळ करता न येणे. काही आठवड्यांनंतर हात चकचकीत, सुजलेला, गरम आणि स्पर्शही सहन न होणारा झाला, तर तो केवळ 'वाताचा जोर' समजून महिना घालवू नये. या उपद्रवात सुरुवातीचे आठवडे मोलाचे असतात.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

'हाड जोडण्याचे औषध द्या' असे म्हणत ग्राहक थेट दुकानात येतो. त्यास औषध देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : रुग्णाचे वय काय, शस्त्रकर्म झाले आहे का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत? अस्थिक्षयासाठी उपाशीपोटी घ्यावयाच्या आधुनिक गोळ्यांबरोबर अथवा थायरॉइडच्या गोळीबरोबर शंख, प्रवाळ, शुक्ती यांसारखी भस्मे घेतल्यास त्या गोळ्यांचे शोषण होत नाही. दोहोंमध्ये काही तासांचे अंतर हवे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना गुग्गुळ कल्प वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. शस्त्रकर्म ठरले असल्यास चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्या औषधांसकट, यादी भूलतज्ज्ञांना देण्यास सांगावे.

आणखी एक. परवाना क्रमांक वा घटक न छापलेल्या, एका मात्रेत वेदना थांबविणाऱ्या 'सांधेदुखीच्या पुड्या' बाजारात फिरतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अस्थी पोखरते. आज गुडघ्यासाठी पुडी नेणारी आजी उद्या मनगट मोडून येते आणि दोहोंचा संबंध कोणाच्याही ध्यानी येत नाही. अशा पुड्या ठेवू नयेत. मात्र ज्या रुग्णाने त्या महिनोन् महिने घेतल्या आहेत, त्यास एकाएकी बंद करावयास न सांगता प्रथम वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे. अकस्मात खंड पडल्यानेही जिवास धोका संभवतो.

उपसंहार

वयाचा परिणाम निश्चित आहे, परंतु तो तीन ठिकाणी तीन प्रकारे होतो. बालकात संधान शीघ्र, पण वाढीवर लक्ष हवे. मध्यम वयात संधान योग्य, पण बसवणूक काटेकोर आणि संयम हवा. उत्तर वयात अस्थी जुळते, पण चलन व बल मागे राहतात; तेथे वैद्याच्या सहवासाची खरी गरज असते.

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्ही आवश्यक समजतो. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मोडलेले मनगट हा अस्थिक्षयाचा पहिला प्रकट निरोप असतो. मनगट जुळते आणि सर्वजण तो विसरतात. पुढे काही वर्षांनी तीच व्यक्ती कटिसंधीच्या भग्नाने अंथरुणास खिळते. मनगटाच्या निमित्ताने आलेल्या अशा प्रत्येक रुग्णाची दृष्टी, भोवळ, रात्री उठण्याची वेळ, न्हाणीघरातील फरशी, पायांतील बळ आणि शक्य असल्यास अस्थिघनता यांची चौकशी आपण केली, तर पुढचा भग्न टळू शकतो. प्लास्टर काढल्याच्या दिवशी रुग्ण आनंदात असतो आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. ही चौकशी त्याच दिवशी करावी, आणि तिची नोंद त्याच्या कागदावर लिहून ठेवावी.